आउटबोर्ड इंजिनाची पाण्याची धार बारीक झाली तर आधी काय तपासावं?

खाडीकाठ:
आमच्या छोट्या मासेमारीच्या होडीवर १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून बसवायचं इंजिन आहे. दोन सिलिंडरचं, दोरी ओढून सुरू करायचं. इंजिनाच्या मागून जी पाण्याची धार पडते ती हल्ली बारीक झाली आहे. मशीन हळू चालत असताना नुसते थेंब पडतात, रेस वाढवली की धार जोर धरते. गरम होऊन बंद पडलेलं नाही, पण झाकण काढून हात जवळ नेला तर सिलिंडरच्या डोक्याची बाजू नेहमीपेक्षा जास्त तापलेली जाणवते. जाळं ओढताना बराच वेळ हळूच चालवावं लागतं, म्हणून काळजी वाटते. एकजण म्हणतो इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक) बदल, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) काढूनच टाक. मिस्त्रीकडे नेण्याआधी आपल्याला काय काय बघता येईल? क्रमाने सांगितलंत तर फार मदत होईल.

जुना_तांडेल:
इंजिन बंद पडेपर्यंत थांबला नाहीत हे फार चांगलं केलंत. ती धार म्हणजे पंप वरपर्यंत पाणी पोचवतोय याची खूण. तिच्यावर सतत नजर हवी.

सगळ्यात सोपं आधी. इंजिन बंद करा आणि जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा धारेच्या भोकातून आत सारून हलवा. तार वापरू नका, आतला भाग ओरखडतो. बऱ्याचदा तिथे मिठाचा खडा किंवा चिखल बसलेला असतो. इंजिन काही दिवस उभं असेल तर कुंभारमाशी त्या भोकात घर करते. मग खाली पाणी आत शिरतं ती जाळी बघा. प्लास्टिकची पिशवी, शेवाळ, शंखशिंपले, काहीही चिकटलेलं असू शकतं.

एवढं करूनही धार बारीकच असेल तर झाकणाच्या आत धारेची जी रबरी नळी येते, तिचं भोकाकडचं टोक सोडवून इंजिन थोडा वेळ पाण्यात चालवा. नळीतून जोरात पाणी आलं तर दोष फक्त भोकात. नळीतूनही थेंबच आले तर खाली पंपाकडे जायचं.

पानापेटी:
काकांचा क्रम अगदी बरोबर आहे. पुढचं मी सांगते, कारण इंपेलरचं काम माझ्या हातून रोज जातं.

तुमच्या लक्षणात एक महत्त्वाची खूण आहे: हळू चालताना थेंब आणि रेसला जोर. इंपेलरची रबरी पाती पंपाच्या भिंतीला घासत वाकतात आणि उलगडतात. कमी वेगात पाणी ढकललं जातं ते या वाकण्या-उलगडण्यामुळेच. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाती भिंतीपासून सुटतात आणि इंपेलर नुसत्या फिरण्याच्या जोरावर पाणी फेकतो. त्यामुळे पाती झिजली, कडक झाली किंवा एकाच बाजूला वाकून तशीच राहिली, की आधी मार खातं ते हळू चालताना मिळणारं पाणी. रेसला सगळं ठीक दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. तुम्हाला जाळं ओढताना हळू चालवावं लागतं, म्हणजे नेमकं तिथेच इंजिनाला पाणी कमी पडतंय.

इंपेलर काढण्यासाठी खालचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्लगच्या टोप्या काढून ठेवा, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवताना इंजिन चुकून पेटणार नाही. गिअर बदलणाऱ्या दांड्याचा जोड सोडवा. हा जोड न सोडवता गिअरबॉक्स ओढला की दांडा वाकतो. मग बोल्ट. इथेच बहुतेकांचा घाम निघतो, कारण स्टेनलेसचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं अंग, मध्ये खारं पाणी, आणि दोन्ही एकमेकांना धरून बसलेले असतात. जोर लावून बोल्ट तोडू नका. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, गरम हवेच्या गनने आजूबाजूचं ॲल्युमिनियम तापवा, हलके ठोके द्या, थोडं आवळा, थोडं सोडवा. पेट्रोल जवळ असताना उघडी ज्योत नको.

पंपाचं घर उघडलं की नुसता इंपेलर बदलून मोकळे होऊ नका. आतली स्टेनलेसची वाटी आणि खालची पट्टी नखाने चाचपून बघा. वाळूने चरे पडले असतील तर नवी पातीसुद्धा पाणी धरणार नाहीत. म्हणून वाटी, पट्टी, गास्केट, चावी (इंपेलरला शाफ्टशी अडकवणारा छोटा तुकडा) असा पूर्ण संच बदलावा असं माझं ठाम मत आहे. आणि जुन्या इंपेलरची पाती मोजा! एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर गेलेला आहे. पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या घरात सापडेल, पण शोधावाच लागेल. नाहीतर नवा इंपेलर बसवूनही धार तशीच राहते आणि लोक नव्या भागाला दोष देतात.

लाटांवर:
ताई, बसवताना पाती कुठल्या दिशेने वाकवायची? माझा नेहमी इथे गोंधळ होतो.

पानापेटी:
वरून बघितलं तर उभा शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, हे नेहमीच्या छोट्या इंजिनांचं. पात्यांना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरिन लावा, पंपाचं घर वरून हलकं दाबत शाफ्ट त्याच दिशेने फिरवा, पाती आपोआप बरोबर झुकतात. नंतर शाफ्ट उलटा फिरवू नका.

वर चढवताना दोन जागा सांभाळा. पहिली, पाण्याची तांब्याची किंवा स्टीलची नळी पंपाच्या रबरात नीट बसली पाहिजे. ती बाजूला गेली तर बाहेरून सगळं चोख दिसेल आणि धार शून्य. दुसरी, शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, पण अगदी माथ्यावर नको. माथ्यावर ग्रीसचा गोळा राहिला की तो वरच्या खाचेत दबतो आणि शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. बोल्ट आवळून तो बसवला तर क्रँकवर दाब येतो. दात जुळत नसतील तर फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक) हाताने किंचित फिरवा. शेवटचे बोल्ट घट्ट करण्याआधी पुढचा, मधला आणि मागचा गिअर टाकून पाहा.

वल्हं:
थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. आमच्याकडे बरेचजण बिनथर्मोस्टॅटचीच मशीनं चालवतात, चालतात की. मग तो हवाच कशाला?

जुना_तांडेल:
चालतात हे खरं. पण सतत थंड चाललेल्या इंजिनात पेट्रोल नीट वाफाळत नाही, प्लग काळे ओले होतात, पिस्टनच्या कड्यांवर कार्बन धरतो. जाळ्यावर हळू चालणाऱ्या मशीनला तर हे आणखी लवकर भोवतं. फोर-स्ट्रोक असेल तर न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरतं आणि तेलाची पातळी वाढायला लागते. ती वाढलेली पातळी बघून लोक खुश होतात, प्रत्यक्षात तेल पातळ झालेलं असतं.

थर्मोस्टॅट तपासायला सोपा आहे. भांड्यात पाणी घ्या, त्यात तो दोरीने लोंबता ठेवा, शेजारी तापमापक, आणि हळूहळू तापवा. किती अंशाला उघडायचा ते बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं. खाऱ्या पाण्यातल्या आउटबोर्डचा साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. गाडीचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या वर उघडतो, तो इथे कधीही बसवू नये. समुद्राचं पाणी फार तापलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर पापुद्र्यासारखे बसतात, म्हणूनच या इंजिनांना मुद्दाम थंड ठेवलेलं असतं. उघडा अडकला असेल, बंद अडकला असेल किंवा मीठ धरलं असेल तर बदला. नुसता काढून फेकू नका.

लाटांवर:
गरम होतंय तर पेट्रोलमध्ये थोडं जास्त ऑइल टाकून चालवलं तर? वंगण जास्त मिळेल, पिस्टन जाम होणार नाही.

पानापेटी:
नाही हो, याने उलट घडतं. कार्बोरेटरच्या जेटमधून जाणारं मिश्रण तेवढंच असतं. त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त असं जळतं आणि सिलिंडर आणखी तापतो. वर प्लग आणि एक्झॉस्टमध्ये कार्बन. इंजिनाच्या पुस्तकात जे प्रमाण आहे तेच ठेवा. ५०ः१ असेल तर २० लिटर पेट्रोलला ४०० मिली. नव्या किंवा पिस्टन-कड्या बदललेल्या इंजिनाला सुरुवातीच्या तासांत २५ः१ देतात, तेही पुस्तकात दिलं असेल तर आणि तेवढ्या तासांपुरतंच.

आणि ऑइल कुठलं, हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. डब्यावर टीसीडब्ल्यू-३ (TC-W3, पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त गरम चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर साठते.

जुना_तांडेल:
+१. मिश्रण आधी वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत ओतावं. टाकीत पेट्रोल भरून वरून ऑइल सोडलं की ते तळाशी बसतं. सुरुवातीला मशीन धूर ओकतं आणि नंतर कोरडं चालतं.

रेतीवाट:
प्लगवरून इंजिनाची तब्येत कळते असं ऐकलंय. पाणी कमी पडत असेल तर प्लग काही सांगतो का?

पानापेटी:
सांगतो. तपकिरी, कॉफीच्या रंगाचा प्लग म्हणजे ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त, चोक अर्धवट लागलेला किंवा फार वेळ हळू चालवलेलं. पांढरट, भाजल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय किंवा इंधन कमी येतंय. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक प्लग तपकिरी आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय असं समजा. पाण्याची वाफ पिस्टनचा माथा अक्षरशः धुऊन काढते. अशा वेळी डोक्याचं गास्केट बघावं लागतं. खाडीकाठ, तुमचे दोन्ही प्लग शेजारी ठेवून बघा.

ठिणगी तपासताना प्लगची धातूची बाजू इंजिनाच्या अंगाला पक्की टेकवा. टोपी अधांतरी ठेवून दोरी ओढली तर इग्निशनचं युनिट जळू शकतं, आणि आजूबाजूला पेट्रोलची वाफ असेल तर भडका उडतो.

वल्हं:
गोड्या पाण्याने धुण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी कानाला लावतात तसली रबरी कपं पाण्याच्या जाळीवर लावून नळ सोडतो, मिनिटभर चालवतो आणि बंद करतो. पुरेसं आहे का?

जुना_तांडेल:
मिनिटभर पुरत नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे गोडं पाणी आतल्या सगळ्या वाटांना पोचतच नाही. इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि त्यानंतरही थोडं, असं दहा-पंधरा मिनिटं तरी चालवा. न्यूट्रलमध्ये, अगदी हळू, रेस न देता. नळाला दाब कमी असेल तर पिंप बरं. पिंपात पाणी पंपाच्या वर, म्हणजे पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर पाहिजे. पंखा काढून ठेवला तर पाणी उसळत नाही आणि हातापायाला धोकाही नाही. हे सगळं मोकळ्या हवेत करा, बंद शेडमध्ये धुराने माणूस बेशुद्ध पडतो.

पाण्याबाहेर इंजिन कोरडं चालवून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. इंपेलरला वंगण असतं ते पाण्याचंच. कोरडा फिरला तर मिनिटाच्या आतही पाती जळू शकतात.

धुऊन झालं की इंजिन सरळ उभं ठेवून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या. लगेच आडवं करून खांद्यावर घेतलं आणि गिअरबॉक्सचा भाग वर गेला, तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. वाहून नेताना डोकं नेहमी पंख्यापेक्षा वर.

रेतीवाट:
वल्हंदादांसारखाच माझाही अर्धवट धुण्याचा प्रकार चालू होता, आता नीट करेन. अजून एक विचारतो. माझं गिअर ऑइल बदलताना दुधासारखं निघालं. सील गेलं का?

पानापेटी:
दुधाळ म्हणजे पाणी मिसळलंय. आधी ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे वायसर बघा. ते प्रत्येक वेळी नवे घालायचे असतात आणि बहुतेक लोक जुनेच परत बसवतात. ते ठीक असतील तर पंखा काढा. मासेमारीच्या होडीवर मी पहिल्यांदा तिथेच बघते, कारण तंगूस. गळाचा किंवा जाळ्याचा तुकडा पंख्यात येतो, शाफ्टवर गुंडाळला जातो, घासून वितळतो आणि सीलच्या ओठात शिरून त्याला कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पंखा अधूनमधून काढून मागे नजर टाकायलाच हवी. परत बसवताना शाफ्टच्या दातांना समुद्री ग्रीस आणि नवी स्टेनलेसची फाटापिन.

ऑइल भरायचं ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि ऑइल कमी बसतं. भरल्यावर आधी वरचा स्क्रू लावा, मग खालची नळी काढून पटकन खालचा. साधारण १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. खाऱ्या पाण्यात काम जास्त असेल तर त्याआधीच.

जुना_तांडेल:
पंखा काढलाच आहे तर जस्ताची वडीही बघा, म्हणजे अॅनोड. ती झिजते म्हणूनच ॲल्युमिनियमचं अंग वाचतं. अर्धी खपली की बदला. तिच्यावर रंग कधीही मारू नका, रंगवलेली वडी काहीच काम करत नाही. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमची चालते, निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची बरी, आणि मॅग्नेशियमची फक्त गोड्या पाण्यासाठी. मॅग्नेशियमची समुद्रात बघता बघता विरघळते.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. भोक साफ केलं, फरक पडला नाही. नळी सोडवून बघितली, तिथेही थेंबच. मग गिअरबॉक्स उतरवला. एक बोल्ट हट्टी निघाला, पण ताईंनी सांगितलं तसं गरम हवा देऊन सुटला. इंपेलरची दोन पाती अर्धी तुटलेली! एक तुकडा पंपातच होता. दुसरा पाण्याच्या नळीच्या वरच्या वाकणात अडकला होता, हवेचा दाब देऊन बाहेर काढला. वाटीला चरे होते म्हणून पूर्ण संच बदलला. थर्मोस्टॅट पाण्यात तापवून बघितला, वेळेवर उघडतोय, फक्त मीठ साफ केलं. दोन्ही प्लग सारखेच तपकिरी आहेत. आता हळू चालतानाही सलग धार येते.

एक शंका राहिली. इंपेलर कधी बदलायचा, धार कमी झाल्यावर, की ठरावीक काळाने?

पानापेटी:
नळीतला तुकडा शोधलात, सगळ्यात मोठं काम तेच होतं.

ठरावीक काळाने. धार कमी दिसते तोवर पाती तुटायला लागलेली असतात, तुमच्याच मशीनमध्ये बघितलंत. नियमित मासेमारी असेल तर वर्षातून एकदा, हंगाम बंद असताना. वाळू आणि गाळाच्या उथळ पाण्यात होडी काढत असाल तर त्याहून लवकर. रबर नुसतं पडून राहूनही एका बाजूला वाकून कडक होतं, त्यामुळे "यंदा मशीन फारसं चाललंच नाही" हे न बदलण्याचं कारण होत नाही. त्याच वेळी गिअरबॉक्सच्या बोल्टना समुद्री ग्रीस लावून बसवा, पुढच्या वर्षी हाताने सुटतील.

दर्यासखा:
धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमचं मशीन रॉकेलवर चालतं. ते सकाळी सुरू होताना फार त्रास देतं.

जुना_तांडेल:
बंद करताना पेट्रोलवर आणता का? रॉकेलवरची मशीनं पेट्रोलवर सुरू होतात, गरम झाली की रॉकेल. पण किनारा जवळ आला की परत पेट्रोलचा कॉक उघडून थोडा वेळ चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरून राहतं. रॉकेल राहिलं तर थंड इंजिनात ते पेटत नाही आणि दोरी ओढून खांदा जातो. तसं झालंच असेल तर वाटीचा खालचा स्क्रू सोडून रॉकेल काढून टाका, पेट्रोल येऊ द्या, मग ओढा.

दर्यासखा:
हे कधी केलंच नव्हतं, उद्यापासून करतो. आणि अजून एक, जरा घाईचं आहे. आमच्या शेजारच्या होडीचं पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक मशीन फळीवरचे क्लँप ढिले होऊन आज पाण्यात पडलं. चालू नव्हतं. ओहोटीला काढलं. मिस्त्री परवा येणार. तोपर्यंत उन्हात वाळत ठेवू का?

पानापेटी:
वाळत ठेवू नका! बाहेर काढल्यावर हवा लागली की बेअरिंगवर काही तासांतच गंज धरायला लागतो. आजच करता येत असेल तर असं करा. झाकण काढून सगळं मशीन भरपूर गोड्या पाण्याने धुवा. प्लग काढा, भोकं खाली येतील असं आडवं धरा आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवून पाणी काढा. वाळू गेल्याचं दिसत असेल किंवा फिरवताना अडत असेल तर तिथेच थांबा, जोर लावू नका. कार्बोरेटर, नळी आणि टाकी पूर्ण रिकामी करा. मग प्लगच्या भोकांतून आणि कार्बोरेटरच्या तोंडातून टू-स्ट्रोक ऑइल सोडून परत फिरवा. वायरींचे जोड सोडून गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवा. सुके प्लग, ताजं मिश्रण, आणि पिंपात उभं करून सुरू करा. लागलं तर निदान अर्धा तास चालू द्या, आतला ओलावा निघून जाऊ दे.

आणि यातलं काहीच आज जमणार नसेल, तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण गोड्या पाण्याखाली हवा लागत नाही आणि मिस्त्री येईपर्यंत नुकसान थांबून राहतं.

दर्यासखा:
पिंप मिळालं, आत्ताच बुडवलं. प्लगच्या टोप्या आणि वायरी तशाच राहू दिल्या तर चालेल ना?

पानापेटी:
चालेल. बॅटरी जोडलेली असेल तर ती मात्र सोडून ठेवा. परवा मिस्त्रीला गिअर ऑइलही बदलायला सांगा. आणि मशीन परत फळीवर चढवलं की क्लँपशिवाय एक साखळी किंवा जाड दोर होडीच्या अंगाला बांधून ठेवा.